माझा एकुलता एक उशीर

आयुष्यात मी एकदाच उशीर केला, आणि तोही फार मेहनतीने.

हे वाक्य किती गंभीर आहे ते कळायला माझी नोकरी ठाऊक हवी. मी शाळेत हेडक्लार्क होतो. चौतीस वर्षं शिक्षकांचं मस्टर माझ्या टेबलावर होतं. साडेदहाला घंटा, आणि दहा एकतीसला जो मास्तर दारात दिसेल त्याच्या नावापुढे लाल पेनाने 'उ'. उ म्हणजे उशीर. मुलं मागून मला 'लाल शाई' म्हणत आणि मास्तर समोरूनच म्हणत. मी कुणाची गय केली नाही. हेडमास्तरांच्या नावावर दोन 'उ' आहेत. एकदा सासऱ्यांनाही मारणार होतो, पण ते आमच्या शाळेत नोकरीला नव्हते.

आमची ही बसस्टँडवर माईकवर होती. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' हे सगळ्या गावाने एकतीस वर्षं तिच्या तोंडून ऐकलं. गाड्या, फलाट, हरवलेली पोरं, विसरलेल्या छत्र्या, सगळं तिच्या आवाजातून गेलं. रिटायर झाल्यावर लक्ष द्यायला मी एकटाच उरलो, त्यामुळे माझ्यावर थोडा ताण आहे.

आमची लेक परदेशात असते. तीन वर्षं भेट नाही. नोकरीपायी ती सारखी विमानाने फिरते, आणि त्या फिरण्याचे म्हणे मैल साठतात. पुरेसे मैल साठले की विमान कंपनी वरच्या वर्गाचं तिकीट देते. लेकीने साठवलेले सगळे मैल आमच्यावर उधळले. चौदा तासांचा प्रवास, झोपायला सपाट होणारी खुर्ची, आणि त्याआधी विमानतळावरचं लाउंज!

"बाबा, लाउंजमध्ये निवांत बसा. सगळं तुमच्यासाठीच असतं," ती फोनवर म्हणाली. हिने मात्र लेकीमागे एकच धोशा लावला होता. "तिकिटावर माझं नाव नीट आलंय ना? पूर्ण आलंय ना? काना-मात्रा बघ हं." चारदा विचारलं. मला वाटलं पासपोर्टची भीती. इतकी वर्षं संसार करून मी तिला असंच चुकीचं समजत आलोय, हे नंतर कळलं.

ही बातमी खालच्या मजल्यावरच्या अनुभवींना कळायला अर्धा तास लागला. ते एकदा आठ दिवस परदेशी जाऊन आले, तेव्हापासून सगळी इमारत त्यांना 'अनुभवी' म्हणते. आठ दिवसांचं सांगणं अकरा वर्षं चाललंय.

"आदल्या रात्रीपासून पोटात काही टाकायचं नाही," अनुभवी म्हणाले. "लाउंजमध्ये फुकट असतं. भरल्या पोटी जाल तर नुकसान कुणाचं?"

"आणि अंघोळ करून जाऊ नका," अनुभवीबाई म्हणाल्या. "तिथे शॉवर असतो. बिनअंघोळीचं जायचं, म्हणजे वसूल होतो."

"तुम्ही गेला होतात लाउंजमध्ये?" हिने विचारलं.

"काचेतून पाहिलंय," अनुभवी म्हणाले.

तर असे आम्ही, उपाशी आणि पारोसे, सकाळी आठला विमानतळावर हजर झालो. विमान दुपारी दोन चाळीसचं. टॅक्सीवाला म्हणाला, "काका, एवढ्या लवकर तर पायलटसुद्धा उठलेला नसेल." वेळेवर येणाऱ्या माणसाला जगात असंच ऐकून घ्यावं लागतं.

आमच्या कंपनीचं काउंटर पावणेअकराला उघडलं. आम्ही रांगेत पहिले असतो, पण मध्येच हिला प्यायला पाणी हवं झालं, बाटली आणून बघतो तर आमच्या पुढे साठ माणसं. साठांमध्ये एक बॅडमिंटनची अख्खी टीम. पाऊण तास मी बॅग पायाने पुढे सरकवत होतो. शेवटी काउंटरवरच्या मुलीने तिकीट बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"सर, तुमची लाइन ही नाही. ती आहे."

बघतो तर शेजारीच लाल गालिचा, दोन कुंड्या, आणि काउंटरमागे एक माणूस टाय नीट करत एकटाच उभा. पाऊण तास तो आमच्याकडे बघत होता आणि आम्ही त्याच्याकडे.

"मला वाटलं कुणाचा तरी सत्कार आहे," ही म्हणाली.

मग त्या टायवाल्याकडे जाऊन तेच सगळं पुन्हा झालं, फक्त तो प्रत्येक वाक्यानंतर किंचित वाकत होता. त्याने आम्हाला बोर्डिंग पास आणि लाउंजची कार्डं दिली. दोन्ही मी शर्टाच्या वरच्या खिशात लाल पेनाशेजारी ठेवली. पेन अजून बाळगतो. सवय आहे.

लाउंजचं दार आपोआप उघडलं आणि माझी भूक एकदम शरमली. इतकी शांतता! पाय गालिच्यात रुतत होते. खुर्च्या इतक्या लांब लांब की शेजाऱ्याचा पेपर वाचायची सोयच नाही. निळा स्कार्फ बांधलेली एक मुलगी हसत पुढे आली आणि आमच्या हातातल्या पिशव्या तिने अशा घेतल्या जसं काही त्यांत दागिने होते. एका पिशवीत हिच्या गुडघ्याचं तेल होतं.

पुढचा दीड तास आम्ही जे सुख भोगलं त्याची नोंद व्हायलाच हवी. मी तीन प्रकारचं सूप प्यालो, त्यातला तिसरा प्रकार सूप नसून केकवर घालायचा सॉस होता. चांगला होता. कॉफीच्या यंत्राला चौदा बटणं होती. मी एकही दाबलं नाही, नुसता समोर उभा राहिलो, तरी त्याने फेस काढायला सुरुवात केली आणि कप नसल्यामुळे तो माझ्या बाहीवर काढला. एका म्हाताऱ्या पाहुण्याने मला कप दिला. त्याच्याही बाहीवर डाग होता.

मग अंग रगडणारी खुर्ची. मी नुसता टेकलो, तर तिने मला दोन्ही खांद्यांना धरलं. मी मागे वळून "सोडा" म्हणालो. मागे कुणीच नव्हतं. हिला इतकं हसू आलं की तिला पदर तोंडाला लावावा लागला. मग ती त्याच खुर्चीत वीस मिनिटं डोळे मिटून बसली आणि म्हणाली, "अहो, माझी पाठ इतकी वर्षं कुठे होती हो?"

ती इतकी खूश होती, की मला उगाचच आपण काहीतरी कर्तबगारी केल्यासारखं वाटलं. मैल लेकीचे होते, ही गोष्ट वेगळी.

तेवढ्यात निळा स्कार्फ आली. हिने तिला विचारलं, "बाई गं, आमच्या विमानाची घोषणा इथे नीट ऐकू येते ना? स्पीकर दिसत नाहीत कुठे."

"इथे घोषणा होत नाहीत, मॅडम. लाउंजमध्ये शांतता ठेवतो आम्ही. वेळ झाली की मी स्वतः येऊन हळूच सांगेन."

"कधीच नाही होत?"

"कधीच नाही. तीच तर इथली खासियत आहे."

"हो का," ही म्हणाली. "छान आहे."

ते 'छान आहे' मी ओळखतो. मी पहिल्या पगारात आणलेल्या साडीला ती असंच 'छान आहे' म्हणाली होती, आणि ती साडी नंतर शिलाई मशीनवर झाकण म्हणून राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"कुठे काय."

"सांग ना."

तिने हातातल्या केकच्या तुकड्याची कड काट्याने उगाच तोडली. "काही नाही हो. वेडेपणा आहे. एकतीस वर्षं मी लोकांची नावं पुकारली. 'अमुक अमुक यांनी चौकशी खिडकीपाशी यावे.' लोक आपलं नाव ऐकून कसे दचकून बघायचे, माहितीय? अख्ख्या स्टँडवर तेवढं एकच माणूस आहे असं व्हायचं त्यांना. माझं कधी कुणी पुकारलं नाही. मीच माईकवर, तर मला कोण पुकारणार? विमानतळावर नावं घेतात ना, सिनेमात दाखवतात. मला आपलं वाटलं होतं..." आणि मग ती हसली. "जाऊ द्या. कॉफी आणा. कप घेऊन जा या वेळी."

तिकिटावरचं नाव ती चारदा का विचारत होती, ते मला तेव्हा कळलं.

मी तडक निळ्या स्कार्फकडे गेलो. "माझ्या पत्नीचं नाव बाहेरच्या स्पीकरवर पुकारायचं असेल तर काय अर्ज करावा लागतो?"

"अर्ज नसतो, सर. विमान सुटायची वेळ झाली आणि प्रवासी आलाच नाही, तरच नाव पुकारतात. पण काळजी करू नका," ती अभिमानाने म्हणाली, "या लाउंजमधून आजवर एकही प्रवासी उशिरा गेलेला नाही."

मी खुर्चीत येऊन बसलो आणि आयुष्याचा विचार केला. एका बाजूला हिचं नाव. दुसऱ्या बाजूला लेक, तीन वर्षांनी भेटणार, आणि दार बंद झालं तर तिचे मैल पाण्यात. आणि या दोन्हींच्या मध्ये मी, लाल शाई! ज्याने पाय मोडलेल्या चित्रकला मास्तरांना कुबड्यांसकट 'उ' मारला, त्याचं नाव भर विमानतळावर उशिरा आलेला म्हणून पुकारलं जाणार. मी पासवर वेळा बघितल्या. विमानात बसवायला सुरुवात एक पन्नासला, दार बंद दोन पंचवीसला. म्हणजे दोन पंधराच्या सुमारास नाव घेतील. दहा मिनिटं हातात. हिशोब चोख होता. ठरलं, की आपण उशीर करायचा.

पण उशीर करणं किती अवघड असतं! चौतीस वर्षं मला वाटायचं ते मास्तर आळशी होते. माझी त्यांची क्षमा मागायची तयारी आहे.

आधी मी शॉवरला गेलो. पारोसा होतोच. नळ फिरवला तर पाणी वरून, डावीकडून, उजवीकडून आणि एक धार थेट कानात. मी ठरवलं, एक तास बाहेर यायचं नाही. वीस मिनिटांत दारावर टकटक. "सर, तुमचे कपडे इस्त्री करून ठेवलेत. बोर्डिंगला पंचवीस मिनिटं आहेत." मी कपडे इस्त्रीला दिलेच नव्हते! या लोकांना कोण शिकवतं हे?

मग मी माझा एक बूट मासिकांच्या रॅकमागे लपवला आणि हिला म्हणालो, "बूट सापडत नाही."

"अहो, असं कसं? पायात होता ना?"

ती घाबरून खुर्चीखाली वाकली. तेवढ्यात निळा स्कार्फ आली, हातात बूट. पॉलिश केलेला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग तिने दुसराही मागितला, कारण एकच चमकणं बरं दिसत नाही म्हणे.

"आम्ही चालतच जाऊ, हळूहळू," मी शेवटचा डाव टाकला. "हिचे गुडघे दुखतात."

"गुडघे?" निळ्या स्कार्फचा चेहरा कळवळला, आणि मिनिटभरात दारात बॅटरीवर चालणारी छोटी गाडी उभी. ती गाडी बॅडमिंटन टीमला मागे टाकत, सगळ्या गर्दीतून वाट काढत निघाली. ही राणीसारखी बसून लोकांकडे बघत होती. मी मनगटाकडे बघत होतो. एक अठ्ठेचाळीसला आम्ही दारापाशी पोचलो. संपूर्ण विमानात पहिले.

दारावर एक भरदार मिशांचे गृहस्थ होते. त्यांनी पास घ्यायला हात पुढे केला.

"चष्मा!" मी ओरडलो. "माझा चष्मा राहिला!" आणि हिचा हात धरून मागे वळलो.

"अहो, कपाळावर आहे!"

"हा नव्हे, दुसरा."

"दुसरा तुमच्याकडे आहे कुठे? तुम्हाला झालंय तरी काय आज?" आता ती चिडली होती. "लेक तिकडे वाट बघत असेल. तुम्ही बूट काय हरवता, चष्मा काय हरवता! त्या केकवरच्या सॉसमध्ये काही होतं का?"

मी तिला दुकानांच्या रांगेतून फिरवत राहिलो. गळ्याला लावायच्या उशा बघितल्या. तीन घड्याळं बघितली, तिन्हींत वेळ सरकत होता. दोन वाजून पाच मिनिटांनी मी पुरुषांच्या बाथरूममध्ये शिरलो आणि आरशासमोर उभा राहिलो. आत स्पीकर होता. बाहेर ही दर मिनिटाला "अहो!" म्हणत होती. प्रत्येक 'अहो' आधीच्यापेक्षा वरच्या पट्टीत होता. शेवटच्या 'अहो'त रडू होतं, आणि त्या क्षणी मला वाटलं की आपण गाढव आहोत.

तेवढ्यात स्पीकर खरखरला. मी कान टवकारले.

पुकारलं. स्वच्छ, खणखणीत, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, माझं नाव! "...आणि त्यांच्यासोबतचे एक प्रवासी, यांच्यासाठी ही अंतिम सूचना."

एक प्रवासी! हात धुणारे तिघेही माझ्याकडे बघू लागले. मी बाहेर आलो तर ही वर स्पीकरकडे बघत होती, डोळे पुसत.

"अहो, तुमचं नाव! ऐकलंत? किती छान घेतलं!" आणि मग हळूच म्हणाली, "सोबतचे एक प्रवासी म्हणजे मी. चला, पळा आता."

माझा चौतीस वर्षांचा लौकिक गेला आणि मिळालं काय, तर 'सोबतचे एक प्रवासी'. मी पळालो. पॉलिश केलेले बूट गालिच्यावर घसरत होते. दोन अठराला मी मिशांसमोर धापा टाकत उभा होतो आणि ही तीस पावलं मागे, गुडघा धरून येत होती.

"माझ्या बायकोचं नाव राहिलं," मी म्हणालो.

"सर, तुम्ही आलात ना? झालं तर."

"झालं नाही! तुम्ही 'एक प्रवासी' म्हणालात. ती एकतीस वर्षं बसस्टँडवर माईकवर होती. हजारो लोकांची नावं घेतली तिने. तिचं कुणी घेतलं नाही. म्हणून मी मुद्दाम उशीर केला. आयुष्यात कधी केला नाही हो. एकदा घ्या. पूर्ण घ्या. तिकिटावर नीट आहे."

मिशा हलल्या. ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "प्रवासी समोर दिसत असताना नाव पुकारता येत नाही. नियम आहे."

नियम म्हटल्यावर मी विरघळलो. असा माणूस आमच्या शाळेला मिळायला हवा होता. मी वळलो आणि हिला ओरडून सांगितलं, "खांबामागे जा!"

"काय?"

"खांबामागे! विचारू नकोस!"

छत्तीस वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदा काहीही न विचारता मी सांगितलेलं करून मोकळी झाली. बहुधा मी पुरता कामातून गेलो असं वाटून असेल. खांबामागून फक्त पिशवीचा बंद दिसत होता.

मिशांनी त्या बंदाकडे बघितलं, मग नियमाप्रमाणे बघितलं नाही असं केलं, आणि माईक हातात घेतला.

"कृपया लक्ष द्यावे." आणि त्यांनी तिचं नाव घेतलं. तिचं नाव, माझं नाव, आडनाव. अख्ख्या विमानतळावर, दुकानांत, बाथरूममध्ये, त्या उशांपर्यंत. "आपण त्वरित दार क्रमांक नऊकडे यावे. आम्ही आपली वाट पाहत आहोत." आणि मग, नियमात नव्हतं तरी, पुन्हा एकदा.

खांबामागे पिशवीचा बंद खाली पडला.

ती बाहेर आली. पळाली नाही. एकतीस वर्षं तिने खिडकीतून लोकांना पळतानाच बघितलं होतं. ती त्या मोकळ्या गालिच्यावरून सावकाश चालत आली, पदर नीट करत, दोन्ही गालांवर पाणी आणि तोंडभर हसू. मी उशीर झालेल्या माणसाला असं येताना कधी बघितलं नव्हतं. नाहीतर 'उ' मारताना माझा हात थांबला असता.

"कसं झालं?" मिशांनी विचारलं. खरंच विचारलं.

"आवाज चांगला आहे हो तुमचा," ती म्हणाली. "फक्त 'त्वरित'नंतर श्वास घ्या. आणि नावाआधी जरा थांबत जा. आपलं नाव ऐकायला माणसाला तयार व्हावं लागतं."

मिशांनी मान डोलावली आणि पासचे तुकडे आमच्या हातात दिले. दोन तेवीस झाले होते. आम्ही आत गेल्यावर दार लागलं.

विमानात सगळे आमच्याकडे बघत होते. बॅडमिंटन टीमही. एरवी मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं असतं, पण तेव्हा मी त्या सपाट होणाऱ्या खुर्चीत बसून मोठ्याने हसत होतो. हिने माझा हात धरला होता आणि दर थोड्या वेळाने ओठ हलवून काहीतरी म्हणत होती. मी कान देऊन ऐकलं. ती स्वतःचंच नाव म्हणत होती, आधी जरा थांबून.

मी खिशातून लाल पेन काढलं, माझ्या पासचा तुकडा मांडीवर ठेवला आणि नावापुढे ठसठशीत 'उ' मारला. नियम म्हणजे नियम.

तिने बघितलं. मग स्वतःचा तुकडा माझ्यापुढे धरला.

"माझ्याही मारा ना," ती म्हणाली. "आणि जरा मोठा मारा."